यॉर्कच्या मागच्या गल्ल्या आणि आपले बारा गड

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने आपले बारा गड जागतिक वारसा यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी, आणि तेव्हापासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकच वाद पेटलाय. एक गट म्हणतो आता रोपवे करा, रस्ते करा, हॉटेलं करा, जग बघायला येईल. दुसरा म्हणतो गड म्हणजे पिकनिक स्पॉट नाही, हात लावू नका. मग कुणीतरी इंग्लंडमधल्या यॉर्क शहराच्या तटबंदीचा व्हिडिओ टाकतं, "शिका जरा इंग्रजांकडून", की लगेच खाली उत्तर, "आपल्याला लुटून जपलंय सगळं." मी यॉर्कमध्येच राहते म्हणून मग मला टॅग करतात.

लुटीचा हिशोब खरा आहे आणि तो मांडायलाच हवा. पण यॉर्कची तटबंदी मुख्यतः 13व्या-14व्या शतकातली, काही ठिकाणी तिच्याखाली रोमन भिंत, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या कितीतरी आधीची. आणि "यांना पहिल्यापासून कदर आहे" हेही खरं नाही. 1800 साली इथल्या नगरपालिकेलाच ही तटबंदी पाडायची होती, दुरुस्तीचा खर्च नको आणि गाड्यांना रस्ता अरुंद पडतो म्हणून! काही भाग पाडलाही. चार मोठ्या दरवाजांपुढे संरक्षणासाठी बांधलेले दगडी आडोसे होते, त्यातला फक्त वॉल्मगेट बारचा (इथे वेशीच्या दरवाजाला 'बार' म्हणतात) उरलाय. विल्यम एटी नावाचा इथलाच चित्रकार आणि त्याच्यासारखे बरेच लोक आपल्याच नगरपालिकेशी वर्षानुवर्षं भांडले म्हणून बाकीची भिंत आज उभी आहे. एटीचा पुतळा आर्ट गॅलरीसमोर आहे, तिथून रोज शेकडो लोक जातात, थांबत कुणी नाही.

पाहुणे आले की मिन्स्टर हे मोठं कॅथेड्रल, शॅम्बल्सची जुनी अरुंद गल्ली आणि वायकिंग म्युझियम झालं की यॉर्क संपतं. मिन्स्टर भव्य आहे, प्रश्नच नाही. पण मला विचाराल तर हे शहर कळतं ते बाकीच्या जागांमधून. गुडरॅमगेट नावाच्या रस्त्यावर दुकानांच्या रांगेत एक छोटी कमान आहे, ती चुकली की चुकलीच. तिच्या शेजारची लाकडी सांगाड्याची घरं 1316 मधली, आजही त्यात दुकानं चालतात. कमानीतून आत गेलं की हिरवळ, झाडं आणि होली ट्रिनिटी चर्च. आतली फरशी इतकी वरखाली झालीय की चालताना तोल सांभाळावा लागतो आणि बसायला लाकडी खोकी, म्हणजे चारी बाजूंनी छातीएवढ्या फळ्या, दार लावून घ्यायचं आणि कुटुंबाने आत बसायचं. खोकीसुद्धा जमिनीबरोबर तिरकी झालीत, एक इकडे कललेलं, दुसरं तिकडे. पूर्वेच्या खिडकीच्या काचा 1470च्या दशकातल्या, ढगाळ दिवशीही निळा-लाल उजेड त्या लाकडावर पडतो. आता तिथे नियमित प्रार्थना होत नाही. वापरातून गेलेली चर्चेस सांभाळायला 1969 पासून एक राष्ट्रीय ट्रस्ट आहे, हे चर्च त्यांच्याकडे आहे, दार उघडायला आणि माहिती सांगायला बहुतेक वेळा कुणीतरी निवृत्त आजी किंवा आजोबा बसलेले असतात. तिकीट नाही.

तसाच रेड टॉवर. सगळ्या तटबंदीत विटांचा असा हा एकच बुरूज, 1490 चा. दगडाचं काम सोडून विटांचं काम काढलं म्हणून पाथरवट चिडले आणि प्रकरण वीटकाम करणाऱ्याच्या खुनापर्यंत गेलं. पर्यटक तिथे पोचतच नाहीत कारण आजूबाजूला साधी वस्ती आहे, पण त्याच वस्तीतल्या लोकांनी पुढाकार घेऊन तो दुरुस्त करून वापरात आणला. पलीकडे फिशरगेटजवळ 16व्या शतकाच्या सुरुवातीचा एक बुरूज आहे, आत गोल जिना, जुना शौचकूप, आणि तो वर्षातले काही ठरावीक दिवस स्वयंसेवक उघडतात. आपल्याकडे हे होत नाही असं कुणी म्हणू नका. शनिवार-रविवार गडावर जाऊन टाक्यातला गाळ काढणारी, घरंगळलेले दगड वर चढवणारी पोरं महाराष्ट्रात ढिगाने आहेत आणि इथल्या स्वयंसेवकांपेक्षा दसपट घाम गाळतात, वर खर्च स्वतःच्या खिशातून. फरक असा की इथल्या माणसाच्या हातात किल्ली आणि अधिकार दोन्ही असतं, शंका आली तर विचारायला तज्ज्ञ असतो. आपल्या पोरांना परवानगीच्या कागदासाठी हेलपाटे, आणि कागद मिळाला तरी हा चिरा चुन्यात बसवायचा की कशात हे सांगायला बरोबर कुणी नाही.

यॉर्कनेही चुका केल्यात, त्या व्हिडिओत दिसत नाहीत. मार्च 1190 मध्ये इथल्या ज्यू लोकांनी जमावापासून वाचायला किल्ल्यात आसरा घेतला आणि जवळजवळ दीडशे माणसं तिथे मेली, बहुतेकांनी स्वतःच जीव दिला. तो किल्ला ज्या टेकडीवर होता, तिथेच आज क्लिफर्ड्स टॉवर हा दगडी बुरूज उभा आहे. त्याची आठवण म्हणून तिथे पाटी लागली ती 1978 मध्ये, जवळजवळ आठशे वर्षांनी! ज्यूबरी भागातलं त्यांचं मध्ययुगीन कब्रस्तान 1980च्या दशकात खोदलं, सुमारे पाचशे सांगाडे निघाले, ते पुन्हा पुरले आणि तिथे सुपरमार्केट आलं. आज तिथे लोक गाडी लावून भाजी घ्यायला जातात, मीही जाते, आणि दरवेळी आत कुठेतरी टोचतं.

मग बदललं काय? माझ्या मते माणसं नाही, कायदा. 1989च्या सुमारास मिकलगेटवर एका जुन्या हॉटेलच्या जागेवर बांधकामासाठी खोदताना मोठं रोमन बांधकाम सापडलं, लंडनला तसंच शेक्सपिअरच्या काळातल्या रोझ थिएटरचं झालं, दोन्हीकडे खूप आरडाओरडा झाला आणि 1990 मध्ये सरकारने बांधकाम परवानगीची नवी नियमावली आणली. जमिनीखाली काही असण्याची शक्यता असेल तर आधी तपासणी, आणि त्या तपासणीचा, उत्खननाचा खर्च बांधकाम करणाऱ्याने उचलायचा. आता कुणाला शहरात इमारत बांधायची असेल तर पुरातत्त्ववाल्यांचा खर्च बजेटमध्ये धरूनच तो येतो.

या नियमावरून मला कात्रज आठवतं. पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून थेट पेठांमध्ये पाणी आणलं, नुसत्या उतारावर, मध्ये मध्ये उच्छ्वास, म्हणजे हवा जाण्यासाठीचे उभे मनोरे, बांधून, आणि वाटेत हौद. ती नळयोजना कुठून जाते, तिचे किती उच्छ्वास कुणाच्या इमारतीखाली गेले, हे पुण्यात अभ्यासक आणि हौशी लोक स्वतः फिरून नोंदवतात. एखाद्या जुन्या वाड्याचं रीडेव्हलपमेंट निघालं की जेसीबी येण्याआधी तिथे एक तरी जाणकार माणूस उभा राहिला पाहिजे असं आपण ठरवू शकत नाही का? उलट आपल्याकडे जो नियम आहे तो सरसकट. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदी. त्यामुळे शनिवारवाड्याच्या आसपासचे लोक पडायला आलेल्या वाड्यांत अडकलेत आणि त्यांचा वारशावरच राग आहे, तो मला समजतो. यॉर्कमध्ये तटाच्या आत लोक राहतात, चारशे वर्षं जुन्या घरात स्वयंपाकघर बदलतात, फक्त काय बदललं तर चालेल हे त्या घरापुरतं तपासून परवानगी मिळते. वेळ खातं, लोक वैतागतात, पण घरात माणूस राहतो आणि घरही राहतं.

आता रोपवे. राजगडाला रोपवे हवा म्हणणाऱ्यांमध्ये माझी आईसुद्धा आहे, तिचे गुडघे आता चढू देत नाहीत आणि तिला पद्मावती माची एकदा बघायची आहे. तिला काय सांगू? क्लिफर्ड्स टॉवरच्या पायथ्याशी टेकडी कोरून पर्यटक केंद्र बांधायचं ठरलं होतं, 2016 मध्ये परवानगीही मिळाली, गावातल्या लोकांनी कोर्टापर्यंत जाऊन विरोध केला आणि 2018 मध्ये तो बेत सोडून दिला. पण गोष्ट तिथे थांबली नाही. 2022 मध्ये टॉवरच्या आत चार खांबांवर लाकडी मजला उभा केला, असा की त्याचा भार जुन्या भिंतींवर येत नाही, आणि लोखंडी पुलांवरून कित्येक शतकं कुणाला जाता येत नव्हतं अशा कोनाड्यांपर्यंत जाता येतं. टेकडीच्या पायऱ्या मात्र आहेतच, पन्नासेक, त्या चढायलाच लागतात, म्हणजे सगळ्यांची सोय झाली असं नाही. पण विरोध झाला आणि त्यातून पहिल्यापेक्षा चांगला आराखडा निघाला. आपल्याकडे विरोध झाला की एकतर प्रकल्प रेटतात नाहीतर गुंडाळतात, तिसरं काही सुचवायला कुणी बसतच नाही.

राजगडावर माझं मत रोपवे नको असंच आहे, गड चढूनच कळतो आणि एकावेळी किती माणसं वर मावतील यालाही मर्यादा आहे. आईला रायगडाच्या रोपवेने नेईन, तो आहेच. पण ग्रुपवर सगळा जोर या बारा नावांवर लागलाय ते मला पटत नाही. महाराष्ट्रात गड शेकड्यांनी आहेत, यादीत नसलेल्या गडांच्या पायथ्याच्या गावात एखाद्या माणसाला मानधन देऊन बसवायला, वर जाणाऱ्या वाटेवर दोन धड पाट्या लावायला आणि टाकी साफ ठेवायला रोपवेच्या खर्चाचा किती छोटा तुकडा लागेल, याचा आकडा कुणीतरी माहितीच्या अधिकारात मागा. अर्ज लिहायला मी इथून मदत करते.