अण्णा नाईकांनी भुताचा पिक्चर कुठला बघितला असेल?

आमच्याकडे रात्री जेवणं झाली की 'रात्रीस खेळ चाले' या कोकणातल्या भुताच्या मालिकेचे जुने भाग लागतात. बायको उशी पोटाशी धरून घाबरायला बसते, मालिकेतले घरचे कर्ते अण्णा नाईक वाड्यात उभे राहून कोणावर तरी डोळे वटारत असतात, आणि मला घाबरायच्या ऐवजी भलताच प्रश्न पडतो की या माणसाने आयुष्यात एकतरी भुताचा पिक्चर बघितला असेल का, आणि बघितला असेल तर कुठला? एकदा हा किडा डोक्यात शिरला की मालिका संपते, दिवे जातात, बायको घोरायला लागते आणि मी छताकडे बघत हिशोब करत पडतो.

आता कोणी म्हणेल की बाबा रे, तो माणूस खोटा आहे, त्याला लेखकाने जेवढं दिलंय तेवढंच त्याचं आयुष्य. मान्य. पण २०१६ साली झी मराठीवर पहिला भाग सुरू झाला तेव्हा अण्णा सुरुवातीलाच गेले, आणि मग २०१९ मध्ये दुसरा भाग आला तो काळाच्या मागे गेला आणि अण्णा चांगले जिवंत, मिशी पिळत हिंडताना दाखवले. म्हणजे त्यांना भूतकाळ आहे ना? भूतकाळ असलेल्या माणसाच्या संध्याकाळी रिकाम्या असणार, आणि रिकाम्या संध्याकाळी आकेरीसारख्या गावातला पैसेवाला माणूस कधीतरी सावंतवाडी-कुडाळकडे जाऊन पिक्चर बघणारच. त्यात डोअरकीपर त्यांना तिकीट विचारेल असं मला वाटत नाही.

हे सगळं मी मेव्हण्याला फोन करून सांगतो. तो त्याच बाजूचा, त्यामुळे त्याचं मत मी तज्ज्ञाचं म्हणून धरतो. त्याचं ठरलेलं वाक्य, "भावोजी, तुमका काय कामधंदो नाय?" आणि मग पुढचा पाऊण तास तोच बोलतो.

तर सुरुवात भुताचे पिक्चर काढणाऱ्या रामसे बंधूंपासून करावी लागते, त्यांना वगळून आपल्याकडे भुताचा हिशोब लागत नाही. 'दो गज जमीन के नीचे', १९७२. नवऱ्याला मारतात आणि गाडतात आणि तो परत येतो, एवढीच गोष्ट. आता सामान्य माणूस हा पिक्चर बघून घरी जाताना मागे वळून वळून बघेल. अण्णा तसे बघणार नाहीत, अण्णांना त्यात कामाची माहिती मिळेल. ज्या माणसाने मालिकेत इतकी माणसं मारलीत तो पडद्याकडे बघून एवढंच म्हणेल की दोन गज कमी पडतात रे, अजून खणा. मला हे पटतं, मेव्हण्याला पटत नाही, त्याचं म्हणणं असं की कोकणात जांभा दगड लागतो, दोन गज खणायलाच दुपार होते, कामाला चार गडी लागतात आणि गडी गावभर बोलतात. मुद्दा बरोबर आहे.

मग 'जानी दुश्मन', १९७९. हा अण्णांनी नक्की बघितला असणार यावर मी पैज लावायला तयार आहे. लाल साडीतली नवरी डोलीत बसून निघते आणि वाटेत गायब होते, गावभर हाहाकार, आणि शेवटी कळतं की केसाळ राक्षस दुसरा तिसरा कोणी नसून गावचा ठाकूरच, म्हणजे आपला संजीव कुमार, त्याच्या अंगात शिरलेलं भूत. पूर्ण थेटर शिट्ट्या मारतंय, बायका किंचाळतायत आणि अण्णा मात्र रागाने लालबुंद. गावच्या मोठ्या माणसावर असा आळ? तेही शेवटच्या रिळात, बाजू मांडायची संधी न देता? मला तर डोळ्यासमोर दिसतं की ते मध्येच उठून प्रोजेक्टरच्या खिडकीसमोर उभे राहिलेत, पडद्यावर त्यांच्या डोक्याची भलीमोठी सावली पडलीये, आणि मागून कोणाचीही 'ओ खाली बसा' म्हणायची टाप नाही.

'पुराना मंदिर' १९८४ चा. तो तर नाईकांच्या घराण्याने सहकुटुंब बघायला हवा होता. सामरी नावाचा सैतान, त्याचं मुंडकं हवेलीत पेटीत बंद आणि धड देवळामागे पुरलेलं, आणि वर राजाच्या घराण्याला शाप. (सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवाल शिकलेला सिव्हिल इंजिनियर, हे मी बायकोला प्रत्येक वेळी सांगतो आणि ती प्रत्येक वेळी म्हणते मग घराची गळती काढायला बोलाव.) या पिक्चरात लोकांना भूत दिसतं. अण्णांचा मुलगा दत्ता आणि सून सरिता यांना त्यात वाटणी दिसेल. धड एकीकडे, मुंडकं दुसरीकडे, म्हणजे तुकडे पडलेच की, मग पेटी कोणाच्या हिश्श्यात धरली आणि देवळामागची जागा सातबाऱ्यावर कोणाच्या नावाने? शाप वगैरे नंतर बघू, आधी मोजणी करून घ्या.

वाटणीवरून आठवलं, 'वो कौन थी', १९६४. पावसात पांढऱ्या साडीतली साधना, आणि लोक अजून तिला भूत समजतात. खरं तर भूतबीत काही नाही, नायकाला वेडा ठरवून त्याची इस्टेट लाटायची म्हणून हा सगळा खटाटोप. १९६२ च्या 'बीस साल बाद'मध्येही शेवटी माणसाचाच हात निघतो. त्या काळच्या हिंदी पिक्चरवाल्यांना भूत दाखवायला जिवावर यायचं बहुतेक, शेवटी कोणीतरी नातेवाईकच निघायचा. तर 'वो कौन थी' अण्णांच्या बायकोने, माईंनी बघितला असेल असं माझं मन सांगतं. एकट्याच, दुपारच्या खेळाला, अण्णांना न सांगता. आणि बाहेर पडताना त्यांना जराही भीती वाटली नसेल, कारण नातेवाईक काय करू शकतात हे त्यांना नव्याने कोणी सांगायची गरज नाही.

'वीराना'चं (१९८८) मात्र वेगळं आहे. तो अण्णा भुतासाठी बघणार नाहीत, पोस्टर बघून जाणार. देखणी जास्मिन, अंगात चेटकीण, रात्री एकट्यादुकट्या पुरुषाला नादी लावते आणि मग त्याचं काही खरं नाही. हा एकच पिक्चर असा की ज्याच्यातून अण्णांनी काही शिकायला हवं होतं, पण जो भाग शिकण्यासारखा त्याच वेळेला हे बाहेर विडी ओढायला गेलेले असणार. अण्णांच्या शेवंताने, म्हणजे त्यांच्या बाहेरच्या बाईने, बघितला असता तर तिने निदान जास्मिनचे कपडे आणि केस नीट बघून ठेवले असते, ती हुशार बाई.

एक वाईट गोष्ट म्हणजे हा किडा आता बाकीच्या मालिकांमध्येही पसरलाय. परवा 'सीआयडी' लागलं होतं, एसीपी म्हणाले "दया, दरवाजा तोड दो" आणि मी नकळत मोठ्याने बोललो की याने रामसेंचा 'दरवाजा' पण बघितलाय आणि १९९० चा 'बंद दरवाजा' पण. बायकोने रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. हल्ली मालिका बघताना मला बोलायची परवानगी फक्त जाहिरातीत आहे.

मेव्हण्याने मात्र परवा सगळ्यावर पाणी ओतलं. म्हणाला, तुम्ही पुण्या-मुंबईकडचे लोक हॉरर म्हटलं की पिक्चर धरता. आमच्याकडे लहानपणापासून माणूस जत्रेत दशावतार बघतो, रात्रभर, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, काळा मुखवटा घातलेला संकासूर नाचत लोकांच्या अंगावर येतो, आणि पहाटे आईच्या मांडीवर झोपलेली पोरं उचलून काळोखातून घरी न्यायची असतात. वेंगुर्ल्याच्या आरवलीचा वेतोबा माहीत आहे ना? त्याला नवसाला या एवढ्या मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण देव रात्रीचा गावभर राखण करत फिरतो, आणि लोक सांगतात की चपला झिजलेल्या दिसतात. अशा गावात वाढलेल्या माणसाला सामरी काय घाबरवणार? तिकीट काढून घाबरायची सवयच नाही भावोजी, सगळं फुकट आहे.

हे ऐकून मी बराच वेळ गप्प. मग म्हटलं, ठीक आहे, घाबरले नसतील, पण बघितला असेल की नाही? पिक्चर सुटल्यावर रात्री बारा-साडेबाराला बॅटरी घेऊन पोफळीच्या बागांमधून चालत यायचं, वाटेत मोठा वड, आणि वडाखाली खरंच कोणी उभं असेल तर वाट कोणी सोडायची, अण्णांनी की त्याने? मेव्हणा म्हणाला, त्याने. एवढं मात्र तो अगदी पटकन म्हणाला.

बाकीच्यांचं फार अवघड नाही. शिकलेली सून नीलिमा हिने इंग्रजी पिक्चर बघितले असणार आणि प्रत्येक वेळी शेजारच्याला सांगितलं असणार की हा कॅमेऱ्याचा खेळ आहे. धाकटा मुलगा अभिराम १९९३ च्या 'झपाटलेला'वर हसला असणार, तात्या विंचू आणि लक्ष्या असताना घाबरायचं म्हटलं तरी घाबरता येत नाही, बाहुला रामदास पाध्यांचा आहे हे माहीत असूनही रात्री कपाटावरच्या बाहुलीचं तोंड भिंतीकडे फिरवतात ती गोष्ट वेगळी. त्याच साली झी टीव्हीवर रामसेंचा 'झी हॉरर शो' पण सुरू झाला, त्यामुळे कदाचित पुढे पिक्चरला जायची गरजच उरली नसेल.

राहिला वाड्यातला विसराळू पांडू. आणि इथे मी आणि मेव्हणा पहिल्यांदा एकाच बाजूला आलो. पांडूने हे सगळे बघितलेत. एकूण एक. 'दो गज'पासून 'बंद दरवाजा'पर्यंत, काही तर तीन-तीनदा, कारण बाहेर आल्यावर कोणी विचारलं की काय रे, काय होतं पिक्चरात, तर हा म्हणणार "इसारलंय", म्हणजे विसरलो, आणि पुढच्या खेळाला परत नव्या उत्साहाने रांगेत. त्या वाड्यात एवढी भुतं हिंडत असताना हा माणूस परसात शांतपणे कसा फिरतो, याचं दुसरं काही कारण मला तरी सुचत नाही. सामरी समोर आला तरी पांडू त्याला ओळखणार नाही, उलट विचारेल की कोणाकडे आलात.

आता वाद एवढाच उरलाय की त्याच्या तिकिटाचे पैसे कोण द्यायचं. मेव्हणा म्हणतो माई. अण्णांनी दिले नसणार यावर मात्र आमचं दोघांचं एकमत आहे.