लेलांग हबेईत होतं? एका व्हायरल नकाशाचा प्रतिवाद

कोरियन इतिहासाची आवड असलेल्यांमध्ये एक नकाशा सतत फिरत असतो. त्यात गोजोसन हे प्राचीन कोरियन राज्य बीजिंगच्या वेशीपर्यंत पसरलेलं दिसतं. चीनच्या हान राजवटीतल्या सम्राट वू याने इ.स.पू. 108 मध्ये ते जिंकून लेलांग हा सुभा बसवला, हे नकाशा नाकारत नाही. पण हा सुभा आजच्या हबेईत, म्हणजे बीजिंगभोवतालच्या चिनी प्रांतात होता, कोरियन द्वीपकल्पावर कधीच नव्हता आणि तो प्योंगयांगला असल्याचे तिथे सापडलेले पुरावे जपान्यांनी पेरले, असं सोबतचा मजकूर सांगतो. हा दावा खोटा आहे.

‘पुरावे जपान्यांनी पेरले.’ या संशयामागचं दुःख खरं आहे. 1910 ते 1945 या वसाहतकाळात कोरियाचा इतिहास मुळातच परकी सत्तेखाली सुरू झाला, असं दाखवण्यात जपानी राज्यकर्त्यांना रस होता. उत्खननंही त्यांच्याच हातात होती, आणि त्या काळात बाजारात आलेल्या मातीच्या मुद्रांमध्ये बनावट मालही होता. म्हणून जपानी काळातली प्रत्येक वस्तू क्षणभर बाजूला ठेवू. प्योंगयांगच्या थडग्यांत मिळालेली, चीनमधल्या सिच्वानच्या सरकारी कारखान्यांतून आलेली, सालं कोरलेली लाखेची भांडी नकोत. तिथलंच कमरपट्ट्याचं देखणं सोन्याचं बकलही नको.

तरीही काय उरतं? 1945 नंतर प्योंगयांग परिसरात उत्तर कोरियाच्या पुरातत्त्वज्ञांनी दोन हजारांहून अधिक थडगी उकरली. 1990च्या सुमारास जोंगबेक-दोंग इथल्या एका थडग्यात लाकडी पट्ट्या सापडल्या. त्यांवर इ.स.पू. 45 सालची लेलांग सुभ्याची तालुकावार खानेसुमारी आहे: 25 तालुके, 43 हजारांहून अधिक घरं, सुमारे 2,80,000 माणसं. हान राजवटीच्या अधिकृत इतिहासात इ.स. 2 सालचे आकडे आहेत, तिथेही लेलांगचे तालुके 25च आणि घरं 62,812. जमिनीतून निघालेली यादी आणि दरबारी ग्रंथ एकमेकांशी जुळतात. लेलांग हा हान सुभा प्योंगयांगला नव्हताच, अशी उत्तर कोरियाची अधिकृत भूमिका आहे. म्हणजे ही यादी पेरण्यात त्यांचा काहीच फायदा नव्हता. मला तरी याहून वजनदार साक्ष माहीत नाही.

‘जुने चिनी ग्रंथ लेलांग पश्चिमेला दाखवतात.’ काही ग्रंथ दाखवतात, पण ते कोणत्या काळाबद्दल बोलतात हे पाहावं लागतं. 313 मध्ये गोगुर्यो या कोरियन राज्याच्या राजा मिचनच्या दबावामुळे लेलांग पडलं. तिथला एक सरदार हजारभर कुटुंबं घेऊन पश्चिमेकडच्या मुरोंग हुई या शियानबेई टोळीप्रमुखाच्या आश्रयाला गेला आणि मुरोंगने त्यांच्यासाठी आपल्या मुलखात त्याच नावाचा नवा सुभा काढला. नंतरच्या ग्रंथांत पश्चिमेकडे दिसणारं लेलांग हे त्या स्थलांतराचं आहे. चारशे वर्षांपूर्वीचा मूळ सुभा त्यामुळे सरकत नाही.

याच मुद्द्यावर एक वाक्य हमखास फेकलं जातं: ‘लेलांगच्या सुइचंग तालुक्यात जिएशी डोंगर आहे, तिथून चिनी भिंत सुरू होते.’ हे वाक्य तिसऱ्या शतकाच्या अखेरच्या, चीनच्या पश्चिमी जिन राजवटीच्या काळातल्या एका हरवलेल्या भूगोलग्रंथाचं असून आज फक्त उद्धृतांतून उरलं आहे. गंमतीचा नाही, चिंतेचा भाग असा की दोन्ही बाजू त्यावर आपापली इमारत उभारतात. चिनी नकाशे भिंत द्वीपकल्पात ओढतात, तर हा नकाशा लेलांगला भिंतीकडे. त्याहून जुन्या दरबारी इतिहासात हानआधीच्या छिन राजवटीतली भिंत लियाओदोंगपर्यंत, म्हणजे कोरियाच्या सीमेलगतच्या चिनी प्रदेशापर्यंत गेल्याचं स्पष्ट आहे. एका तुटक वाक्यासाठी ते डावलता येत नाही.

शिवाय हबेईत जागा कुठे आहे? हान यादीत हबेई ते लियाओदोंग या पट्ट्यातल्या सुभ्यांपैकी योउबेइफिंगचे 16, लियाओशीचे 14 आणि लियाओदोंगचे 18 तालुके आधीच मांडलेले आहेत. त्यांच्या डोक्यावर आणखी 25 तालुके बसवायचे तर हे सुभे हलवावे लागतील. नकाशा त्याबद्दल गप्प आहे.

आणि एक साक्ष तर गोगुर्योचीच आहे. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या उत्तर वेई राजवटीतला अधिकारी ली दाओयुआन नद्यांवर लिहीत होता. लेलांगमधली पेई नदी पूर्वेला वाहते असं जुन्या पुस्तकात वाचून त्याला शंका आली, म्हणून त्याने गोगुर्योच्या दूतालाच विचारलं. दूत म्हणाला, आमचं नगर नदीच्या उत्तरेला आहे आणि नदी पश्चिमेला वाहत जुन्या लेलांगच्या ठाण्यावरून जाते. गोगुर्योची राजधानी 427 पासून प्योंगयांगला होती. जपानी वसाहतीआधी चौदाशे वर्षं ही नोंद झाली.

‘म्हणजे गोजोसन चिमुकलं होतं म्हणायचं?’ नाही. यान या चिनी राज्याचा सेनापती छिन काई याने इ.स.पू. 300च्या सुमारास त्याचा पश्चिमेकडचा मोठा मुलूख घेतला, त्याआधी ते लियाओदोंगमध्ये असण्याची शक्यता बरेच अभ्यासक मानतात.

‘लेलांग प्योंगयांगला मानलं तर चीनचा दावा मान्य होतो.’ 2002 ते 2007 या काळात चिनी सरकारी संस्थेच्या ईशान्य प्रकल्पात गोगुर्योला चीनची स्थानिक सत्ता ठरवलं गेलं, तेव्हा कोरियात उसळलेला संताप रास्त होता. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुभ्यावरून आजच्या भूमीवर हक्क सांगता येतो, हे तत्त्वच चूक आहे आणि नकारायचं ते तेच. हबेईवर रंग भरणारा माणूस ते तत्त्व मान्य करूनच पुढे जातो. या भीतीची किंमत दक्षिण कोरियाच्या अभ्यासकांनी मोजली आहे: आठ वर्षं खपून केलेला ईशान्य आशियाचा ऐतिहासिक नकाशासंग्रह अखेर रद्द झाला, आणि त्यावरच्या मुख्य आक्षेपांपैकी एक होता हान सुभे द्वीपकल्पावर दाखवल्याचा.