मारवा आणि रूट कॅनाल

आज सकाळी साडेअकराला दाताच्या डॉक्टरांकडे होतो. रूट कॅनाल, दुसरी सिटिंग. खुर्चीत आडवा, गालात कापसाचे बोळे, खालचा ओठ बधिर, लाळ ओढणारी ती नळी खुर्रखुर्र करतेय आणि छतातल्या स्पीकरवर बासरी. मागे झऱ्याचं पाणी, मधूनच पक्ष्यांची चिवचिव. आधी लक्षच गेलं नाही. मग कोमल रिषभ आला. मग तीव्र मध्यमावरून धैवतावर जाऊन बसला तो बासरीवाला, षड्जाकडे, म्हणजे मुक्कामाच्या सा-कडे, ढुंकूनही बघेना, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हे लोक मला मारवा ऐकवतायत, संध्याकाळचा राग. सकाळी साडेअकराला. झऱ्याच्या पाण्यात बुडवून.

मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की डॉक्टर थांबल्या. "दुखतंय का?" आता तोंडात ड्रिल असताना माणूस काय सांगणार, की बाई, दात नाही दुखत, रिषभ दुखतोय. बाहेर आलो तर रिसेप्शनवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "काका, म्युझिक छान आहे ना? पेशंटना रिलॅक्स वाटावं म्हणून मुद्दाम क्लासिकल लावतो." मी अर्ध्या बधिर तोंडाने "हो हो" म्हणालो आणि पैसे भरले. भित्रा आहे मी. म्हणून इथे लिहितोय.

कुणी ठरवलं हो हे, की क्लासिकल म्हणजे रिलॅक्सिंग? स्पामध्ये लावा, लिफ्टमध्ये लावा, योगाच्या क्लासमध्ये शवासनाला लावा, कस्टमर केअरच्या होल्डवर लावा. "काहीतरी शांत लाव ना, क्लासिकल वगैरे." हे वगैरे फार जिव्हारी लागतं मला.

मारवा शांत? अहो, ज्या रागात पंचमच नाही, षड्ज असून हाताला लागू देत नाहीत, जिथे एरवी पंचमात असणारी तंबोऱ्याची पहिली तार निषादात नाहीतर धैवतात लावावी लागते, म्हणजे टेकायला भिंतच ठेवलेली नाही, तो राग शांत? सूर्य बुडताना गातात तो. दिवस गेलेला असतो, दिवा अजून लागलेला नसतो, आणि आपल्याला उगाचच कुणाची तरी आठवण येऊन पोटात कालवतं ना, त्या वेळेचा राग आहे तो. पुरियाचे सूर तेच, सोहनीचेही तेच, पण मारव्यासारखं घराबाहेर उभं करून ठेवणं त्या दोघांना जमत नाही. (पुरियावाल्यांनी चिडू नये. किंवा चिडा.)

मी मिरजेचा, हे इथे बहुतेकांना माहितीये. पाचवीत होतो तेव्हा बाबा मला पहिल्यांदा दर्ग्यातल्या उरुसाच्या गाण्याला घेऊन गेले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गातात ते. बाबा रेल्वेत, पार्सल ऑफिसात. घरात बोलायचे कमी, आणि हात धरणं वगैरे प्रकार तर आमच्याकडे नव्हताच. दिवेलागणीची बैठक होती आणि गायकाने मारवा धरला. (गायक कोण ते सांगत नाही, सांगितलं की खाली घराण्यांची भांडणं सुरू होतील.) मला काही कळत नव्हतं, मला भेळ हवी होती. आणि एकदम बाबांनी माझं मनगट पकडलं. समोर बघत होते, माझ्याकडे लक्षही नव्हतं. तालाचं आवर्तन जसजसं समेकडे, म्हणजे पहिल्या मात्रेकडे, सरकायला लागलं तशी पकड आवळत गेली, आवळत गेली, आणि सम आली तशी सुटली. पुढच्या आवर्तनाला परत. तासभर हे चाललं. घरी आल्यावर आईने मनगट बघितलं, नखांचे चार अर्धचंद्र उठलेले, तर ती म्हणाली, "मारलं काय रे तुला?"

हा माणूस रिलॅक्स होत होता म्हणायचं का?

आणि गाणाऱ्यांचं तरी बघा की. भीमसेनजींचे हात आठवा, हवेतून सूर उपटून काढल्यासारखे. कुमार गंधर्वांचं एक फुफ्फुस टीबीने निकामी झालेलं, उरलेल्या फुफ्फुसावर ते जे गायले ते काय तुम्हाला झोप लागावी म्हणून? किशोरीताई आमोणकर मैफलीत कुणी कुजबुजलं तरी सगळ्यांदेखत सुनावायच्या, लोक म्हणायचे केवढा हा तोरा. तोरा नाही हो, ऑपरेशन चालू असताना कुणी थिएटरमध्ये चहा घेऊन आलं तर सर्जन काय करेल? आमच्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी लावताना, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासताना, बघितलंय मी, म्हातारा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवरून एकदा कानस फिरवणार, तार छेडणार, मान हलवणार, परत एकदा कानस, सकाळपासून दुपारपर्यंत, आणि कपाळावरची शीर उडतेय. एवढा जीव काढून जो सूर बनतो त्याच्यावर तुम्ही चिमण्या सोडता?

बरं, मान्य. भूप, यमन ऐकून बरं वाटतं. आलापीने श्वास संथ होतो, तेही खरं. आणि आमच्या सासूबाईंना रेडिओवर गाणं लागलं की दहाव्या मिनिटाला झोप लागते, पण त्यांना बातम्यांनाही लागते.

पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला रमणबागेत रात्र-रात्र बसलोय आपण, डिसेंबरच्या थंडीत, कानाला मफलर, थर्मासमधला चहा संपलेला. आता लाउडस्पीकरच्या नियमांनी ते रात्रभराचं गेलंच. पण पहाटे तिथून निघताना कोण रिलॅक्स असायचं? पाय जमिनीवर नसायचे. कुणी बोलायचं नाही. मनगट असंच दुखायचं, कुणी धरलेलं नसताना.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, तर आता मुळात जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

2019 ला बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मिरजेच्या घरीच होते, मी पुण्याहून जाऊन-येऊन. एका संध्याकाळी मोबाइलवर अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला. आमच्याकडे त्याची तबकडी होती, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी, बाबांनी तिच्यावर कधी धूळ बसू दिली नाही. झुमरा ताल, चौदा मात्रा, इतका विलंबित की मधे माणूस आपलं अख्खं आयुष्य आठवून येतो. चार-पाच मिनिटं झाली असतील. बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. श्वास जोरात व्हायला लागला, डोळे भरले. सांभाळायला असायच्या त्या मावशी धावत आल्या, "दादा, त्रास होतोय त्यांना, काहीतरी शांत लावा."

आणि मी बंद केलं. आवर्तनाच्या मध्येच. सम यायच्या आधी.

मग यूट्यूबवर शोधून दोन तासांचं कसलं तरी झोपेचं बासरीवादन लावलं. त्यात पण पाणी होतं. बाबांची पकड सैल झाली, मावशी म्हणाल्या बघा, कसे शांत झाले, मलाही तसंच वाटलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. नवव्या दिवशी गेले. मधे परत मारवा लावायची हिंमत नाही झाली माझी.

त्यामुळे त्या रिसेप्शनवरच्या पोरीला मी काय बोलणार? तिने माझ्यापेक्षा वेगळं काय केलं? तिला निदान ठाऊक नव्हतं. मी तर पाचवीपासून ते मनगट घेऊन फिरतोय.

दात अजून ठणकतोय, भूल उतरलीये. गुरुवारी कॅप बसवायची आहे. त्या मुलीने सकाळी अकराची वेळ दिली होती, मगाशी फोन करून संध्याकाळची सव्वासहाची मागून घेतली. म्हणाली, "काका, तेव्हा गर्दी असते, थांबावं लागेल." म्हटलं थांबतो. फक्त तेवढं ते पाणी बंद करता येतं का बघ.