काल आपल्या शिवारात पाऊस किती पडला?

मृग लागला की दादाचा फोन ठरलेला. धाराशिव जिल्ह्यातलं आमचं गाव, तिथे सोयाबीनचं रान, आणि मी इथे कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला. "विंडीवर काय दाखवायलंय बघ की," म्हणतो. विंडी हे हवामानाचं ॲप त्याच्याही मोबाइलवर आहे. वेधशाळेचा अंदाज येतो, खासगीत अंदाज सांगणाऱ्या पंजाबराव डखांचा व्हिडिओ येतो, आणि घरच्या ग्रुपवर दर वर्षीचा वाद पेटतो. काका म्हणतात डखांचं खरं होतं, पुण्यातला भाचा म्हणतो वेधशाळेशिवाय कुणाचं ऐकू नका. हा राग जुना आहे. २०१७ साली माजलगाव तालुक्यातले शेतकरी चुकलेल्या अंदाजाची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेले होते.

उद्या काय होणार यावर एवढं भांडण, पण काल आपल्या शिवारात नेमका किती पडला, हे गावात कुणालाच सांगता येत नाही. मला जास्त खुपतं ते हे.

माझ्या परसात लाकडी खांबावर एक पर्जन्यमापक आहे. चार इंच तोंडाचं प्लास्टिकचं नळकांडं, वर नरसाळं, आत बारीक नळी. नळी अशी बेतलेली असते की पाऊस तिच्यात दहापट उंच चढतो, त्यामुळे इंचाचा शंभरावा भागही नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो. सकाळी सात वाजता मी नळी काढून डोळ्यांसमोर धरते, आकडा वाचते, पाठवते. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य पाठवायचं. हे शून्य पाठवायला फार बजावून सांगतात, कारण जागा रिकामी राहिली तर पाऊस नव्हता की बघणारं कुणी नव्हतं, हे कळत नाही. हिवाळ्यात नरसाळं आणि नळी आत ठेवायची, नळकांड्यात बर्फ साठू द्यायचा, मग मोजून गरम पाणी ओतून वितळवायचा. गारांसाठी थर्माकोलच्या पाटीला फॉइल गुंडाळलेली असते. गार पडली की खळगा उमटतो, खळग्यावरून गारेचा आकार समजतो.

घरोघरी पाऊस मोजणाऱ्या लोकांचं कोकोरॉझ नावाचं हे जाळं इथेच, फोर्ट कॉलिन्समध्ये सुरू झालं, एका पुरातून. २८ जुलै १९९७ च्या रात्री फोर्ट कॉलिन्सच्या एका टोकाला काही तासांत फूटभराहून जास्त पाऊस कोसळला आणि शहराच्या इतर भागांत बेताचाच पडला. पाच माणसं गेली. एवढ्या छोट्या जागेत एवढा फरक पडतो, तर तो टिपायला माणसं घरोघरच हवीत, हे विद्यापीठातल्या नोलन डोस्केन या हवामानतज्ज्ञाने ओळखलं आणि १९९८ मध्ये काम सुरू केलं. आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत लोक असा पाऊस मोजतात. मुसळधार लागला तर सातची वाट बघायची नाही, लगेच कळवायचं. तो आकडा थेट हवामान सेवेच्या स्थानिक कार्यालयात दिसतो.

पाऊस असा तुकड्यातुकड्याने पडतो, हे आपल्याला का नवीन आहे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला ७३. तरी आपल्याकडे भरपाईसाठी अतिवृष्टी ठरते ती अनेक गावांच्या मिळून असलेल्या महसूल मंडळावर, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर. एका ऑगस्टात आमचा नाला बांध फोडून रानात घुसला, सोयाबीन आडवं झालं. मंडळाचं यंत्र बारा किलोमीटरवर, तिथला आकडा ६५ च्या खाली. दादाच्या मोबाइलमध्ये चिखलाचे फोटो होते, आकडा नव्हता. त्याचं म्हणणं तिथेच संपलं.

वडील नक्षत्रांवर चालायचे, आणि बऱ्याचदा निभायचं. आता मृग कोरडा जातो, मधे तीन-तीन आठवडे उघडीप, आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस. २०२५ च्या सप्टेंबरात सीना आणि तेरणा नद्या गावांत शिरल्या, तेव्हा पीक काढणीला आलं होतं.

ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीपुरता अंदाज मोबाइलवर मिळायला लागला, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण त्याच वर्षी देशभरातल्या कृषी विज्ञान केंद्रांतली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद झाली, ही चूक होती असंच मी म्हणेन. दादाच्या मोबाइलमध्ये अशाच एका केंद्रातल्या माणसाचा 'हवामानवाले साहेब' असा एक नंबर होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांचं पत्रक यायचं. "पेरू का थांबू" असं विचारलं की ते आधी उलट विचारायचे, "ओल किती खोल गेलीय?" मातीत बोट घालून बघितल्याशिवाय उत्तर देता यायचं नाही. ॲपला ही ओल कोण सांगणार?

इथलं सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. २०२५ मध्ये इथल्या हवामान सेवेतली शेकडो माणसं कमी केली, काही ठिकाणी वरच्या हवेची मोजमापं घेणारे रोजचे फुगे सोडणं थांबलं. त्याच ४ जुलैला टेक्ससमध्ये ग्वादालूप नदीने झोपेतल्या माणसांना गाठलं. इशारा रात्री सव्वाच्या सुमारास निघाला होता, पण केर काउंटीत नदीकाठी भोंगेच नव्हते. त्या पुरांत १३० हून जास्त जीव गेले. इशारा निघाल्यावर दार वाजवायला माणूस लागतोच.

आणि हे काम आपल्या देशात झालेलंही आहे. वायनाडमध्ये ह्यूम सेंटर या संस्थेने ठिकठिकाणच्या लोकांच्या हाती पर्जन्यमापकं दिली. ३० जुलै २०२४ ला दरड कोसळली, त्याच्या आदल्या दिवशीच त्यांनी आकड्यांवरून प्रशासनाला धोका कळवला होता. पुणे जिल्ह्यातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं तीही ३० जुलैच, दहा वर्षं आधीची. सह्याद्रीतल्या वाडीवाडीत असा कुणी मोजणारा आज आहे का?

भाचा विचारतो, भरपाईसाठी लोक आकडे फुगवणार नाहीत का? शंका रास्त आहे. म्हणून माझं म्हणणं, सुरुवातीला या आकड्याला पैशाशी बांधूच नका. गावात चार-पाच ठिकाणी मोजा, वेधशाळेच्या वेळेला, सकाळी साडेआठला, आणि पंचायतीच्या फळ्यावर सगळ्यांसमोर लिहा. एकाचा आकडा भलताच निघाला तर बाकीचे चार बोलतील. सरकारी यंत्राचाही आकडा त्याच फळ्यावर यावा.

या जानेवारीत गावी गेले तेव्हा एक पर्जन्यमापक सोबत नेला. शाळेच्या मैदानात बसवायचा, पोरांनी मोजायचं, असं माझ्या मनात होतं. दादा म्हणाला, "मे महिन्यात शाळेला सुट्टी असती. वळवाचा पाऊस कोण मोजणार?" मला उत्तर सुचेना. वहिनी धुणं वाळत घालत होती. तिने नळी हातात घेतली, उन्हात धरून रेघा बघितल्या आणि म्हणाली, "इथं मागल्या दारी लावा. मी सहाला उठतेच."