यती खरा निघाला, पण कुणासाठी?

गेली दोन-तीन वर्षं मी यतीवरच्या, म्हणजे हिमालयात बर्फात फिरतो म्हणतात त्या केसाळ, माणसासारख्या प्राण्यावरच्या भयकथा मिळेल तिथून वाचतेय, ऐकतेय, आणि जवळजवळ प्रत्येकीत तेच होतं. बाहेरून पाच-सहा जणांची टीम येते, एक शास्त्रज्ञ, एक कॅमेरावाला, एक कुणाचंच न ऐकणारा लीडर, सोबतचा शेर्पा सांगतो की वर जाऊ नका आणि सगळ्यात आधी तोच मरतो. मग यती खरा निघतो आणि तिथून शेवटपर्यंत नुसती नखं, दात, रक्त. माझी भीती नेमकी तिथेच संपते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण एवढा जबरदस्त विषय हातात असताना आपण चुकीच्या माणसाच्या डोळ्यांनी बघतोय.

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला गेले होते तेव्हा नामचेच्या वर खुमजुंगला थांबलो होतो. ३,७९० मीटरवरचं गाव, हिरवे पत्रे, दगडी बांध घातलेली बटाट्याची शेतं. तिथल्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, एका कुलूपबंद पेटीत यतीच्या डोक्याची कातडी ठेवलीय. टोपलं पालथं घालावं तसा आकार, वर निमुळता, राठ तांबूस केस. १९६० मध्ये एडमंड हिलरी ही कातडी गावाकडून परतीच्या बोलीवर तपासायला घेऊन गेले, सोबत गावचे एक जाणते खुमजो चुंबी पण गेले, शिकागो, पॅरिस, लंडन. तज्ज्ञांनी सांगितलं की ही सेरोची, म्हणजे बकरीच्या कुळातल्या एका हिमालयी जनावराची कातडी आहे, साच्यावर ताणून बसवलेली. ठीक. चुंबी ती घेऊन परत आले, गावाने ती परत पेटीत ठेवली, कुलूप लावलं. मला कथेत हा माणूस हवाय, अख्खं जग फिरून "खोटं आहे" ऐकून आलेला आणि परत त्याच डोंगराखाली झोपणारा.

त्या रात्री लॉजच्या दीदीला मी शेगडीपाशी बसून विचारलं, दीदी, यती खरंच असतो का? तिने उत्तरच दिलं नाही. हातातली शेणी शेगडीत सरकवली, उठली, बाहेर जाऊन गोठ्याची कडी ओढून बघितली, परत आली आणि खूप वेळाने एवढंच म्हणाली की तो दिसणं चांगलं नसतं. बस. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढ्या कथा वाचल्या पण ती कडीची खडखड कुठेच सापडली नाही.

एव्हरेस्टच्याच भागात, गोक्योच्या वाटेवर मच्छेर्मो म्हणून जागा आहे. १९७४ साली तिथे याक राखणाऱ्या एका शेर्पा मुलीवर यतीने हल्ला केला आणि याक मारले असं तिकडे आजही सांगतात. बाहेरचा लेखक हल्ल्याचं वर्णन करण्यात दहा पानं घालवेल. मला विचाराल तर कथा दुसऱ्या दिवशी सुरू होते, जेव्हा उरलेले याक चरायला न्यायचेत आणि कुरण तेच आहे.

ते "हिममानव" वगैरे पण बाहेरच्यांनीच रंगवलेलं. १९२१ च्या एव्हरेस्ट मोहिमेत मोहिमेचे प्रमुख हॉवर्ड-बरींना बर्फात ठसे दिसले, त्यांना स्वतःला ते लांडग्याचे वाटले, हमालांनी वेगळं नाव सांगितलं, आणि कलकत्त्याच्या एका पत्रकाराने त्याचं भाषांतर करताना "अ‍ॅबॉमिनेबल स्नोमॅन", म्हणजे किळसवाणा हिममानव, करून टाकलं. झालं, राक्षस तयार. मग १९५१ ला ब्रिटिश गिर्यारोहक शिप्टनने मेनलुंग हिमनदीवर आइस-अ‍ॅक्स शेजारी ठेवून काढलेला तो ठशाचा फोटो, २०१९ ला आपल्या आर्मीने मकालू बेस कॅम्पजवळचे ३२ बाय १५ इंचांचे ठसे ट्विट केले. २०१७ मध्ये यतीचे म्हणून जपलेल्या नऊ नमुन्यांचा डीएनए तपासला तर आठ अस्वलं आणि एक कुत्रा निघाला. लोक म्हणतात संपली गोष्ट. अरे पण संध्याकाळच्या धुक्यात ज्याच्या समोर ते अस्वल दोन पायांवर उभं राहिलं त्याची कुठे संपली?

आणि आपल्याला हे कळायला पाहिजे खरं तर. माझी आजी दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणायची नाही, लांबडं म्हणायची. वारली लोक वाघबारसेला वाघदेवाला पुजतात, तो गोष्टीतला आहे म्हणून नाही, तो जंगलात खरोखर आहे म्हणून. जुन्नरकडे उसात बिबट्या आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी पंपाची लाईट रात्रीची असली की रात्रीच पाणी धरायला जावं लागतं, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून. त्या माणसाला जाऊन सांगा की आम्ही एक भयंकर प्राणी शोधून काढलाय.

सीलाकँथ मासा १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ सापडला तेव्हा शास्त्रज्ञ हादरले, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला म्हणून. दुसरा हाती यायला १९५२ उजाडलं, कोमोरो बेटांवर, आणि तिथल्या कोळ्यांकडे त्याला आधीपासून नाव होतं, गोंबेसा. त्यांच्या गळाला तो अधूनमधून यायचाच. म्हणजे "खरा निघाला" हे कोण कुणाला सांगतंय?

मला एक कथा वाचायचीय. पहाटे एक बाई गोठ्यापाशी येते, कडी तुटलेली नाही, याक पण सगळे जागेवर, फक्त बर्फात भिंतीला लागून एक पाऊल उमटलंय, बोटं घराकडे. ती इकडेतिकडे बघते, बुटाने ते पुसून टाकते आणि आत जाऊन मुलाला शाळेसाठी उठवते. त्याला शाळेत जायला तीच वाट आहे. अशी कथा मराठीत कुणी लिहिली असेल तर मला प्लीज नक्की सांगा, मी आज रात्रीच वाचेन.