पाचशे फुटांची घरपट्टी माफी पुण्याला नाही

'५०० फुटांपर्यंतच्या घराला महाराष्ट्रभर घरपट्टी माफ' हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. शेजारचे काका तर पुण्याचं बिल घडी घालून कपाटात टाकून निवांत बसलेत. काका, बिल बाहेर काढा! ती माफी मुंबई महापालिकेच्या हद्दीतली, जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालेली. तीही कार्पेट एरिया ५०० चौरस फुटांपर्यंत आणि फक्त निवासी. दुकानाच्या गाळ्याला नाही. त्याआधी २०१९ मध्ये तिथेही नुसता सर्वसाधारण करच माफ झाला होता, बिलातले बाकीचे कर तसेच राहिले. पुण्यातली सवलत निराळीच: घरात स्वतः राहत असाल तर ४० टक्के. ती बिलात आधीच लागलेली नसेल तर महापालिकेचा पीटी-३ नावाचा अर्ज भरावा लागतो, मेसेज पुढे ढकलून भागत नाही.