इराकचं सैन्य गव्हर्निंग कौन्सिलने मोडलं नव्हतं

‘अमेरिकेने जुलै 2003 मध्येच इराकचा कारभार इराकी लोकांकडे सोपवला. सैन्य त्यांनीच मोडलं, संयुक्त राष्ट्रांनीही त्यांना सरकार म्हणून मान्यता दिली. मग अमेरिकेला दोष कशाला?’ असा मजकूर फिरतो आहे. चांगली वाचणारी माणसंही तो पुढे पाठवतात, म्हणून हे लिहितो आहे.

आधी सैन्याचं. बरखास्तीचा आदेश क्रमांक 2 पॉल ब्रेमर यांनी, म्हणजे सद्दाम हुसेनची राजवट पडल्यावर इराकवर नेमलेल्या अमेरिकी प्रशासकांनी, काढला 23 मे 2003 रोजी. गव्हर्निंग कौन्सिल, म्हणजे त्यांच्या प्रशासनाने नेमलेलं इराकी सदस्यांचं मंडळ, स्थापन झाली 13 जुलैला. जी संस्था अस्तित्वातच नव्हती, तिच्या माथी हा निर्णय मारता येत नाही. सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीला नोकऱ्यांतून काढणारा आदेश तर 16 मेचा. पुढे त्याची अंमलबजावणी कौन्सिलचे सदस्य अहमद चलबींकडे आली आणि त्यांनी ती आणखी कडक केली. तो दोष त्यांचाच.

कारभार सोपवला, हेही खरं नाही. कार्यकारी, कायदे करण्याचे आणि न्यायदानाचे सगळे अधिकार ब्रेमर यांच्या प्रशासनाने पहिल्याच नियमात स्वतःकडे घेतले होते. कौन्सिल आल्यावरही शेवटचा शब्द त्यांचाच राहिला. ठराव क्रमांक 137 पाहा. डिसेंबर 2003 च्या अखेरीस कौन्सिलने 1959 चा कौटुंबिक कायदा बाजूला सारून लग्न, तलाक, वारसा हे विषय धर्मशास्त्राकडे द्यायचं ठरवलं. इराकी बायका रस्त्यावर उतरल्या. ब्रेमर यांनी सही केली नाही, ठराव कायदा झाला नाही, आणि फेब्रुवारीत कौन्सिलने तो मागे घेतला. ठराव घातकच होता, तो पडला हे बरं झालं. पण ज्यांचा ठराव परक्या अधिकाऱ्याच्या सहीवाचून अडतो, त्यांच्या हाती सत्ता होती असं कसं म्हणायचं?

निवडून तर कोणीच आलं नव्हतं. कौन्सिलच्या 25 जागांची वाटणी अशी: 13 शिया अरब, 5 सुन्नी अरब, 5 कुर्द, एक तुर्कमेन, एक असीरियन. अध्यक्षपद नऊ जणांत दर महिन्याला फिरायचं, तेही अरबी अक्षरक्रमाने.

संयुक्त राष्ट्रांच्या ऑगस्टमधल्या ठराव 1500 ने कौन्सिलचं फक्त स्वागत केलं. ऑक्टोबरच्या 1511 मध्ये तिच्या संदर्भात सार्वभौमत्वाचा उल्लेख आहे, पण त्याच ठरावात ब्रेमर यांच्या प्रशासनाचे अधिकार तात्पुरते म्हणून कायम आहेत.

म्हणून हे सदस्य निव्वळ बाहुली होते, असंही मी म्हणणार नाही. तुर्की सैन्य आणायला त्यांनी विरोध केला आणि ते आलं नाही. कौन्सिलच्या सदस्य अकीला अल-हाशिमी यांना सप्टेंबर 2003 मध्ये बगदादमध्ये घराजवळ गोळ्या घातल्या गेल्या, पाच दिवसांनी त्या वारल्या. मे 2004 मध्ये अध्यक्षपदी असलेले इज्जुद्दीन सलीम ग्रीन झोनच्या (बगदादमधल्या कडक बंदोबस्ताच्या सरकारी भागाच्या) तपासणी नाक्यावर कारबॉम्बने मारले गेले. जिवावर उदार होऊन काम करणाऱ्या या माणसांवर ब्रेमर यांच्या निर्णयांचा दोष लादणं अन्यायाचं आहे.

सत्तेचं औपचारिक हस्तांतरण झालं 28 जून 2004 ला, इयाद अल्लावी यांच्या हंगामी सरकारकडे. कौन्सिल त्याआधीच, 1 जूनला विसर्जित झाली होती.